चष्म्याचा नंबर आणि शाळेचे वेळापत्रक

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती ठेवण्यास मनाई केली, तेव्हापासून मुलांच्या हातातल्या मोबाइलचे काय करायचे, हा वाद आपल्याकडेही नव्याने पेटला आहे. या वादात डोळ्यांना नेहमी साक्षीला बोलावले जाते. बंदीचे समर्थक वर्गातल्या चष्म्यांकडे बोट दाखवून विचारतात, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? विरोधक उत्तर देतात की चष्मा आईवडिलांकडून येतो, नंबर वाढायचा तेवढा वाढतोच, यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू आवेशाने बोलतात. परंतु ज्या अवयवाच्या नावाने त्या भांडतात तो वाढतो कसा, याची चौकशी दोघींपैकी कोणीच करत नाही. माझे म्हणणे असे आहे की शाळकरी वयात लागणारा चष्मा हा मोठ्या प्रमाणात मुलाच्या दिवसाच्या मांडणीचा परिणाम असतो. दिवसाचे किती तास छपराखाली, जवळचे पाहण्यात गेले आणि किती तास उघड्यावर, सूर्याच्या उजेडात गेले, यावर त्याचा बराचसा निवाडा होतो. ही मांडणी आज मोबाइलच्या आधी शाळा आणि शिकवणी ठरवतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आईवडिलांच्या धाकात नव्हे तर शाळेच्या वेळापत्रकात शोधले पाहिजे, आणि ते वेळापत्रक बदलणे ही शासनाची जबाबदारी आहे.

आधी डोळ्याच्या वाढीविषयी. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे मोजला तर सुमारे १७ मिलिमीटर भरतो. प्रौढ माणसाचा २३ ते २४ मिलिमीटर. बहुतेक बाळांचा डोळा जन्मतः थोडा आखूडच असतो, म्हणजे प्रतिमा दृष्टिपटलाच्या, डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, मागे पडण्याकडे त्याचा कल असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत डोळा झपाट्याने लांब होतो आणि त्याच काळात समोरच्या पारपटलाचा फुगवटा कमी होतो. पुढची काही वर्षे आतले नेत्रभिंग हळूहळू पातळ होत जाते. एकीकडे लांबी वाढते, दुसरीकडे भिंगांची शक्ती उतरते, आणि या दोन्हींचा मेळ बसून सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचा डोळा जवळजवळ बिननंबरी होतो. हा मेळ अतिशय नाजूक असतो: लांबीत एक मिलिमीटर जास्त झाले तर सुमारे अडीच ते तीन डायऑप्टरचा, म्हणजे उणे अडीच-तीनचा नंबर येतो. नेत्रभिंगाचे पातळ होणे साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास थांबते. डोळ्याची लांबी मात्र तेव्हाच थांबेल असे नाही. त्यानंतर ज्याचा डोळा लांबतच राहतो त्याच्याकडे भरपाईचे साधन उरत नाही. लांबचे अंधूक दिसणे, ज्याला शास्त्राच्या पाठ्यपुस्तकात निकटदृष्टिता म्हणतात, ते यातून येते.

वयात येण्याचा काळ या हिशेबात महत्त्वाचा ठरतो. सिंगापूरमधील शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलांच्या उंचीने लवकर झेप घेतली त्यांच्या डोळ्यांच्या वाढीनेही लवकर शिखर गाठले. मुलींची उंची मुलांच्या आधी वाढते, हे तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. नंबर कधी थांबतो, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील ‘कॉमेट’ या दीर्घ अभ्यासाने दिले: निकटदृष्टिता असलेल्या मुलांपैकी पंधराव्या वर्षी जेमतेम निम्म्यांचा नंबर स्थिरावला होता, अठराव्या वर्षी सुमारे तीन चतुर्थांशांचा आणि एकविसाव्या वर्षी नव्वद टक्क्यांचा. ‘दहावी झाली की चष्म्याचे बघू’ असे म्हणणाऱ्या घरांनी या आकड्यांवर थोडा वेळ थांबावे. पाचवी ते दहावी ही सहा वर्षे आपल्याकडे मुलाला मैदानातून उचलून टेबलाशी बसवण्याची वर्षे आहेत, आणि नेमकी तीच डोळ्याची लांबी ठरण्याची वर्षे आहेत.

आता कोणी म्हणेल, उंची वाढते तसा डोळाही वाढतो, त्यात वेळापत्रकाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो उघडकीला आला काहीसा अपघातानेच. टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी १९७७ साली दाखवले की ज्या माकडांच्या पिल्लांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्या होत्या, त्यांचा तो डोळा अवास्तव लांब वाढला. दृष्टीपासून वंचित झालेला डोळा खुरटायला हवा होता. तो उलट लांबला. पुढे जॉश वॉलमन यांनी कोंबडीच्या पिल्लांवर केलेल्या कामातून चित्र अधिक स्पष्ट झाले. दृष्टिपटलाच्या अर्ध्या भागावर पडणारी प्रतिमा धूसर केली तर डोळ्याचा तेवढाच अर्धा भाग लांबतो. मेंदूकडे जाणारी नस कापली तरी ही क्रिया चालूच राहते. याचा अर्थ, दृष्टिपटल स्वतःच पाहिलेल्या प्रतिमेचा अंदाज घेते आणि मागच्या श्वेतपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला, ‘आणखी वाढ’ किंवा ‘थांब’ असा निरोप देते. डोळ्याची वाढ म्हणजे केवळ आतून उलगडत जाणारा आराखडा नव्हे. बाहेर काय आणि किती उजेडात पाहिले याला दिलेला तो प्रतिसाद असतो. इतके मान्य केले की ‘डोळे कमकुवत झाले’ ही आपली लाडकी समजूत गळून पडते. उणे नंबरचा डोळा कमकुवत नसतो. जवळच्या जगाशी जुळवून घेताना तो प्रमाणाबाहेर लांबलेला असतो.

मोबाइलवरच्या आरोपाकडे येण्याआधी थोडा इतिहास पाहणे भाग आहे, कारण हा खटला पहिल्यांदाच चाललेला नाही. हर्मान कोह्न या डॉक्टराने ब्रेस्लाउ शहरात आणि आसपास (हे शहर आज पोलंडमध्ये आहे) १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातल्या शाळांत शंभरात एखाद-दुसऱ्या मुलाला निकटदृष्टिता होती. विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या गिम्नाझियममध्ये हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या पुढे गेले होते, आणि एकाच शाळेत वरच्या वर्गात जावे तसे ते वाढत होते. कोह्न यांनी दोष कोणाला दिला? अंधाऱ्या वर्गांना, बेढब बाकांना, बारीक टाइपातल्या पुस्तकांना. मोबाइल सोडाच, तेव्हा विजेचा दिवाही घराघरांत पोहोचला नव्हता. अलास्कातल्या बॅरो येथील एस्किमो कुटुंबांच्या १९६९ सालच्या पाहणीत, जुन्या पद्धतीच्या एकाकी वस्त्यांत वाढलेल्या १३१ प्रौढांपैकी फक्त दोघांना निकटदृष्टिता होती. शाळेत गेलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांत निम्म्याहून अधिकांना. इस्रायलमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडव्या धार्मिक शाळांतल्या मुलग्यांमध्ये निकटदृष्टितेचे प्रमाण मुलींच्या मानाने खूपच जास्त आढळले. ते मुलगे रोज कितीतरी तास धर्मग्रंथांवर वाकून बसत आणि मुलींवर तेवढी सक्ती नव्हती. सोल शहरात २०१० साली लष्करी सेवेसाठी तपासलेल्या १९ वर्षांच्या तरुणांपैकी ९६.५ टक्क्यांना उणे नंबर होता. या तरुणांचे डोळे घडले ते १९९० च्या आणि २००० च्या दशकांत, स्मार्टफोन हाती येण्याच्या आधी. घडले ते शाळा आणि शिकवणीच्या खोल्यांत. आपल्याकडेही एका पिढीपूर्वी हाच दोष दूरदर्शनच्या माथी मारला जात होता. दर पिढीला नवा आरोपी सापडतो आणि वर्गखोली मात्र दर वेळी निर्दोष सुटते, हे विचित्र नाही का?

तरीही मोबाइलविरोधकांची बाजू पोकळ नाही, आणि तिची सर्वांत भक्कम मांडणी समोर ठेवूनच उत्तर दिले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात रोजच्या पडद्यावरच्या वेळेत दर एका तासाची भर पडली की निकटदृष्टितेची शक्यता सुमारे २१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याहून बोलका पुरावा टाळेबंदीचा आहे. चीनच्या शांदोंग प्रांतात जून २०२० मध्ये शाळा उघडल्यावर तपासणी झाली, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण २१.५ टक्के निघाले. त्याआधीच्या पाच वर्षांत ते ५.७ टक्क्यांच्या वर कधीच गेले नव्हते. ती तपासणी डोळ्याचे स्नायू सैल करणारे थेंब न घालता झाली होती, त्यामुळे आकडे थोडे फुगलेले असू शकतात. तरीही आधीची वर्षेही त्याच पद्धतीने मोजली असल्याने उडी खरीच म्हणावी लागेल. पडद्याचा हात नव्हता, असे मी कसे म्हणेन? पण याच पाहणीतली दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ऑनलाइन तास वरच्या वर्गांना जास्त होते, खालच्या वर्गांना कमी. नंबर मात्र सहा ते आठ वर्षांच्या मुलांतच ठळकपणे वाढला, नऊ ते तेरा वयोगटात फार थोडा. लहान डोळे अधिक संवेदनशील असतात, हे त्याचे एक कारण असणारच. पण पडदा हेच मुख्य विष असते, तर ज्यांनी ते अधिक प्यायले त्यांची अवस्था इतकी बरी कशी राहिली? टाळेबंदीने सगळ्याच मुलांचे एक काढून घेतले होते, आणि ते म्हणजे घराबाहेरचा दिवस.

मोबाइल निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. तो पुस्तकापेक्षाही जवळ धरला जातो, त्याला पानाचा शेवट नसतो, आणि तो मुलाला घरात बसवून ठेवतो. परंतु हे तिन्ही दोष मान्य केले तरी उरतो तो प्रश्न असा: मोबाइल काढून घेतल्यावर मूल काय करणार? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक स्तुत्य प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघरचे दूरदर्शन आणि मोबाइल बंद होतात आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत मुले अभ्यास करतात, घरची माणसे एकमेकांशी बोलतात. गावाचा हेतू अभ्यासाचा आणि संवादाचा होता, डोळ्यांचा नव्हता. त्यामुळे दोष देण्याचे कारण नाही. मात्र याच भोंग्याचे उदाहरण देऊन ‘डोळे वाचवा’ म्हणणाऱ्यांना सांगावे लागते की सूर्यास्तानंतर दिव्याखाली वही आणि मोबाइल यांत दृष्टिपटलाला फारसा फरक कळत नाही. डोळ्यांसाठी भोंगा वाजवायचाच असेल तर तो दुपारी चारला वाजला पाहिजे, आणि तो ऐकून मुले घरात जाण्याऐवजी घराबाहेर पडली पाहिजेत.

बाहेर पडण्याने नेमके काय होते, याविषयी आता अंदाजावर बोलण्याची गरज राहिलेली नाही. चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना सिडनी आणि सिंगापूर या दोन शहरांत करण्यात आली. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना निकटदृष्टिता होती, सिडनीत ३.३ टक्के. वंश एकच, आईवडिलांच्या चष्म्यांचे प्रमाणही जवळपास सारखेच. आणि गंमत म्हणजे सिडनीतली मुले आठवड्याला अधिक पुस्तके वाचत होती. ठळक फरक एकच होता: सिडनीची मुले आठवड्यात पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन तास. केवळ तुलनेवर विसंबायचे नसेल तर चीनमधल्या ग्वांगझू शहराचा प्रयोग आहे. तेथे बारा शाळांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सहा शाळांत पहिलीपासून रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून प्राथमिक शाळांतल्या मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर काढावीत, असे धोरण राबवले. तेथे कमी दृष्टीच्या मुलांचे प्रमाण २००१ मधल्या ३४.८ टक्क्यांवरून २०११ पर्यंत ५० टक्क्यांवर चढले होते. २०१२ मध्ये ते ४९.४ आणि २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आले. एका दशकाची चढण थांबून उतार लागला, हे कोणत्याही सरकारी योजनेला भूषणावह म्हटले पाहिजे.

यामागचे कारण बऱ्याच अंशी उजेडाच्या मात्रेत आहे. दिवे लावलेल्या वर्गात साधारण तीनशे ते पाचशे लक्स (उजेडाचे माप) प्रकाश असतो. बाहेर, ढगाळ दिवशी किंवा झाडाच्या सावलीतही, तो काही हजारांत जातो आणि लख्ख उन्हात एक लाखाला टेकतो. आपली नजर हा फरक इतक्या सफाईने सांभाळून घेते की तो आपल्याला जाणवतसुद्धा नाही. दृष्टिपटलाला मात्र तो नेमका कळतो. प्रखर प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामाइन हे रसायन अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांब होण्याला आवर घालते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले आहे. बाहेर नजर लांबवर टिकते, हेही त्याच्या जोडीला असावे. व्यायामाचा मात्र यात मोठा वाटा दिसत नाही. सिडनीच्याच अभ्यासात बंदिस्त जागेतल्या खेळांचा फायदा दिसला नाही, आणि बाहेर नुसते बसणे-हिंडणेही उपयोगी ठरले. म्हणजे बंद सभागृहातला बॅडमिंटनचा महागडा वर्ग डोळ्यांच्या दृष्टीने शाळेच्या आवारातल्या गप्पांची बरोबरी करू शकत नाही.

येथे एक मर्यादा प्रांजळपणे सांगितली पाहिजे. बाहेर राहण्याचा फायदा मुख्यतः चष्मा लागण्याच्या आधी होतो. एकदा उणे नंबर सुरू झाल्यावर त्याची वाढ रोखण्यात उजेडाची मदत तुलनेने क्षीण असते. तेव्हा अट्रोपिनचे सौम्य थेंब, विशेष बनावटीची भिंगे असे उपाय नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे लागतात, आणि ते स्वस्त नाहीत. ग्वांगझूतला फरकही नऊ टक्क्यांचाच होता, हे टीकाकार म्हणतात ते खरे. परंतु चष्मा लागतो किती लवकर, यावर तो किती जाड होणार हे ठरते. आठव्या वर्षी सुरू झालेल्या नंबराला वाढायला सात-आठ वर्षे मिळतात, तेराव्या वर्षी सुरू झालेल्याला त्याहून पुष्कळ कमी. उणे सहाच्या पलीकडचा डोळा केवळ जाड काचेचा प्रश्न नसतो. ताणलेले दृष्टिपटल फाटून सुटण्याचा, काचबिंदूचा आणि मध्यवर्ती दृष्टी जाण्याचा धोका त्याला आयुष्यभर चिकटतो. सुरुवात दोन वर्षे पुढे ढकलणे हा म्हणूनच किरकोळ फायदा नव्हे.

आनुवंशिकतेचा मुद्दा घेणाऱ्यांचेही अर्धे म्हणणे खरे आहे. आईवडील दोघांना चष्मा असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते, आणि विसाव्या शतकात जुळ्यांवरच्या अभ्यासांच्या जोरावर बरीच वर्षे नेत्रतज्ज्ञही जवळजवळ सगळा भार रक्तावरच टाकत होते. पण बॅरोच्या आजोबा-नातवंडांमध्ये जनुके बदलली नव्हती. ब्रिटनमध्ये २०१८ साली जनुकीय माहितीच्याच आधारे झालेल्या अभ्यासाने उलट दिशेचा बाण सोडला: शिक्षणाच्या दर एका जादा वर्षामागे नंबर सरासरी ०.२७ डायऑप्टरने उणेकडे सरकतो, आणि मुळातच उणे नंबरची मुले अभ्यासू असतात, या समजुतीला मात्र तितका आधार मिळाला नाही. जनुके कोणाला आधी आणि कोणाला अधिक, हे सांगतील. एका पिढीत अख्ख्या शहराला चष्मा का लागला, हे सांगू शकणार नाहीत.

मग भारताने घाबरावे का? दिल्लीतल्या मुलांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निकटदृष्टिता ७.४ टक्के होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच मोठ्या शालेय पाहणीत १३.१ टक्के. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट अगदी सारखे नाहीत, त्यामुळे ‘दुप्पट झाले’ अशी आरोळी मी ठोकणार नाही. सोल किंवा सिंगापूरपासून आपण अजून दूर आहोत, हेही खरे. परंतु दूर आहोत म्हणून निवांत राहणे हा युक्तिवाद मला समजत नाही. तैवानला निम्म्या मुलांची नजर अधू झाल्यावर जे करावे लागले ते आपण आत्ता, स्वस्तात करू शकतो.

या वादात आणखी दोन वाटा फसव्या आहेत, आणि दुर्दैवाने त्यांवर गर्दी जास्त असते. पहिली, डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा उतरवण्याची. अमेरिकेतील विल्यम बेट्स या डॉक्टराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कल्पना लोकप्रिय केली. आज ती योगाचे नाव घेऊन मोबाइलवरच पसरते. चीनने तर १९६३ पासून शाळाशाळांत डोळ्यांच्या मालिशीचा कवायतीसारखा कार्यक्रम चालवला. कोट्यवधी मुलांनी अनेक दशके डोळ्यांभोवती बोटे फिरवली आणि त्याच काळात त्या देशात चष्म्यांचा पूर आला. (गाजराचेही तेच. अ जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळते आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे; पण गाजर खाऊन डोळ्याची लांबी कमी होत नाही.) दुसरी वाट म्हणजे ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ म्हणून तो न लावणे किंवा कमी नंबरचा लावणे. मलेशियात २००२ साली मुद्दाम कमी नंबर देऊन पाहिला गेला. त्या मुलांचा नंबर पूर्ण चष्मा लावणाऱ्यांपेक्षा अधिक वाढला. ही समजूत मुलींना जास्त भोवते. लग्नात आडवा येईल या भीतीने चष्मा पर्समध्ये राहतो, आणि त्याच सुमारास, पाळी सुरू झाली की, मैदानही सुटते. म्हणजे ज्या वर्षांत तिचा डोळा वेगाने वाढतो त्याच वर्षांत घर तिला उजेडापासूनही तोडते आणि फळ्यावरच्या अक्षरांपासूनही. यावर कोणत्या ॲपवर बंदी घालावी?

व्यवहाराचे आक्षेप उरतात, आणि ते मला सर्वांत जड वाटतात. विदर्भातल्या एप्रिलच्या उन्हात मुलांना बाहेर काढायचे का? अर्थातच नाही, पण सावलीतले काही हजार लक्सही वर्गाच्या कितीतरी पट आहेत, आणि सकाळी आठचा उजेड त्यासाठी पुरतो. झाडे लावणे, आवारात पत्र्याचा उघडा मांडव घालणे, हे कोणत्याही अंकीय फळ्यापेक्षा स्वस्त आहे. मुंबई-पुण्यात मैदाने कुठे आहेत? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. ते नसलेल्या शाळांना जवळची महापालिकेची मैदाने आणि उद्याने ठरावीक वेळी राखून देता येतील. वेळ कुठून आणायचा? महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, ते मुलांच्या झोपेचा विचार करून. शासनाला वेळापत्रकात हात घालता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण सुरुवात पुढे ढकलली आणि शेवट शिकवणीला जोडला, तर झोप मिळेल आणि उजेड जाईल. चीनने २०२१ साली नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर टाच आणली; ती छुप्या मार्गाने परत आली असे म्हणतात, आणि आपण तशी बंदी घालावी असे मला वाटत नाही. मात्र पाचवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी संध्याकाळी सूर्यास्ताआधी भरू नये, इतका नियम घालण्यात अडचण कोणती?

गुणांचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे फेटाळतो. नववी-दहावीत शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देणारे मुख्याध्यापक वाईट नसतात. निकालाच्या टक्क्यांवर त्यांचे मोजमाप होते आणि नंबराच्या वाढीवर होत नाही, इतकेच. हे बदलणे अवघड नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून शाळांत मुलांची तपासणी होते आणि तिच्यात दृष्टीही पाहिली जाते. आज त्या नोंदीचा उपयोग चष्मा वाटण्यापुरता होतो. तीच नोंद शाळावार, इयत्तावार मांडली, शंकास्पद मुलांची थेंब घालून नीट तपासणी झाली आणि गटशिक्षणाधिकाऱ्याने अभ्यासक्रम किती झाला या प्रश्नाबरोबर या वर्षी पाचवीतल्या किती मुलांना नव्याने चष्मा लागला हेही विचारले, तर मैदानाचा तास आपोआप शाबूत राहील. आणि तो तास गणिताचा असला तरी चालेल: भूमितीचे कोन, परिसरातली झाडे, कवितेचे वाचन यांतले काय झाडाखाली होत नाही?

एक विरोधाभास शेवटी नोंदवतो, कारण धोरण त्याच दिशेने चालले आहे. या बाबतीत आज सर्वांत सुस्थितीत असलेले मूल हे वाडीवरून पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारे मूल आहे. जाताना-येताना आणि मधल्या सुट्टीत त्याला जो उजेड फुकट मिळतो तो शहरी पालक पैसे मोजूनही मिळवू शकत नाही. त्याच्या शाळेची सुधारणा आपण कशी करतो? संगणक कक्ष, अंकीय फळा, उरलेल्या आवारात दोन खोल्यांची नवी इमारत. खोल्या लागतात हे खरे, त्यांना विरोध नाही. पण त्या मंजूर करणाऱ्या प्रस्तावात किती चौरस मीटर मोकळी जागा कमी होणार आणि त्या बदल्यात रोजची किती मिनिटे मुले बाहेर असतील, असा एक रकाना छापावा आणि तो भरल्याशिवाय निधी सोडू नये.